पाठीमागचं बोलणं

सिद्धांत गेला, जिन्यावरचा त्याच्या बुटांचा आवाज खाली जाऊन विरला, आणि लुंबिनीने खोलीचं दार आतून लावून घेतलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि मोबाइलचा टॉर्च लावून टेबलाखालच्या प्लगच्या बोर्डात बघू लागली. बोर्डाचा एक स्क्रू कधीतरी पडून गेला होता, त्याचं भोक उरलं होतं. बोलता बोलता सिद्धांतची नजर सारखी तिकडेच जात होती आणि शेवटी निघताना त्याने खिशातून चिकटपट्टी काढून त्यावर लावली होती. "यातून ऐकतात, मॅम. तुम्हाला पण प्रॉब्लेम होईल," असं अगदी काळजीने म्हणाला होता. ती पट्टी तिने नखाने उचकटली. आत धूळ होती, जाळ्याचा एक धागा होता, लाल वायर होती. बघितलं याचं तिला काही वाटलं नाही. कुणीही बघितलं असतं. वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. आत काही नाही हे दिसल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आधीच काढून घेतलं असेल. विचार आला आणि गेलाही, पण तो अगदी घरातल्या माणसासारखा न विचारता आत आला होता. ती कुर्ता झटकून उठली, पट्टी परत होती तशी लावली, आणि आपण पट्टी परत का लावली हे तिला सांगता येईना.

लुंबिनी जिथे समुपदेशक होती ते सेंटर नोएडातल्या एका जुन्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालकाच्या गाड्या, वर लोकांची दुःखं. तिथे सगळं विचार करून केलेलं होतं. समुपदेशकाची खुर्ची आणि येणाऱ्याची खुर्ची एकाच उंचीची, म्हणजे कुणी वरून बोलतंय असं वाटू नये. येणाऱ्याला पेशंट म्हणायचं नाही. सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची, संचालिकेलासुद्धा 'अपूर्वा, तू'. लुंबिनीची जीभ कित्येक महिने त्या 'तू'ला वळली नव्हती, "हे असं करायचं का?", "चहा घ्यायचा का?" अशी माणूस नसलेली वाक्यं ती बनवायची. महिन्यातून एकदा सगळे गोलात बसत आणि जन्माने आपल्याला आयतं काय मिळालं ते सांगत. अपूर्वा ते फार छान सांगायची. वडील केंद्र सरकारात, घरात पुस्तकं, आडनाव ऐकल्यावर मऊ होणारे मास्तर. सांगताना तिचे डोळे भरून येत. तिचं झालं की सगळे लुंबिनीकडे बघत, मोठ्या मायेने, आता हिचं ऐकू या म्हणून. लुंबिनीला त्या मायेचा संताप यायचा आणि संतापाची लाजही वाटायची, कारण माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

दिल्लीत नाव सांगितलं की लोक विचारत, नेपाळच्या का तुम्ही? मराठी माणूस मात्र काही विचारत नाही, आणि त्याच्या न विचारण्यात सगळं आलेलं असतं. पहिल्या दिवशी अपूर्वा केवढ्या उत्साहाने म्हणाली होती, "अरे वा, म्हणजे आपण दोघी मराठी! मूळच्या कुठल्या?" अकोल्याची, असं सांगून लुंबिनीने पूर्ण नाव सांगितलं, आणि अपूर्वा थांबली. फार नाही, घोटभर चहा प्यायला लागतो तेवढं. मग म्हणाली, "खूप सुंदर नाव आहे." त्या थांबण्यात काय होतं, यावर लुंबिनीने पुढची वर्षं घालवली. कदाचित काहीच नसेल. कदाचित खरंच नाव आवडलं असेल, किंवा कुणाचा तरी फोन वाजला असेल. हीच त्यातली मेख. तिच्या आजोबांना गावात तोंडावर बोलत, त्यामुळे आजोबांना निदान राग कुणावर काढायचा ते ठाऊक होतं. इथे कुणी काही बोलत नाही. घरमालकाला अचानक फॅमिलीच हवी असते, फ्लॅट कालच गेलेला असतो, आणि मग आपणच रात्रंदिवस माणसांच्या चेहऱ्यांचे अर्थ लावत बसायचं. चंदाआत्या अशीच होती. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमधून रोज ऑफिसला जायची आणि संध्याकाळी परतल्यावर सांगायची, मी आत गेले की त्या बायका बोलायच्या थांबतात. घरातले तिला हसत. चंदाला आपल्या सावलीचाही संशय, असं तिचा सख्खा भाऊ, म्हणजे लुंबिनीचे बाबा, म्हणायचे. लुंबिनीही हसली होती. मग ती स्वतः नोकरीला लागली, एका दारातून आत गेली, आणि आतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

सिद्धांत आला होता तो तिचं नाव वाचून. त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये समुपदेशक होते, पण तो मुनिरक्यातल्या आपल्या खोलीवरून इतक्या लांब आला. "लुंबिनी लिहिलं होतं वेबसाइटवर, तर मी म्हटलं, चलो," असं पहिल्याच दिवशी म्हणाला आणि लाजून हसला. पीएच.डी.चं तिसरं वर्ष. लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याला प्रवेशाची रँक विचारली होती, चहा पिता पिता, हसत हसत. मग फ्रीजमधले त्याचे नमुने कुणीतरी फेकले, जागा नव्हती म्हणून. गाइड त्याच्याशी थेट बोलेनासे झाले. त्याच्यासाठीचा निरोप दुसऱ्या मुलाला देत, तो शेजारी उभा असताना. लॅबचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, आणि त्याला वगळून केलेला आणखी एक ग्रुप होता, त्यात त्याच्याबद्दल बोलत. हे त्याला संशयाने नव्हे, त्या ग्रुपमधल्याच एका मुलीने मोबाइल दाखवल्यामुळे कळलं. त्याने तक्रार केली, चौकशी समिती बसली. हे सगळं खरं होतं. लुंबिनीने एकेक गोष्ट ऐकताना मनात 'हो' म्हटलं होतं. मग हळूहळू पांढरी गाडी आली, जी मुनिरक्याच्या गल्लीत त्याच्या मागे यायची. मग मेसच्या भाजीची चव बदलली. मग मेट्रोत दर दोन स्टेशनांनी तो डबा बदलू लागला. खरं कुठे संपलं आणि आजार कुठे सुरू झाला, तिथे काही पाटी लावलेली नव्हती. लुंबिनी चालत राहिली त्याच्याबरोबर. अपूर्वाने तर आधीच बजावलं होतं, "त्याच्या अनुभवाला आजाराचं नाव द्यायचं नाही. हेच तर करत आलेत सगळे." लुंबिनीला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता. दर गुरुवारी व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत डॉक्टर जयदीप बसत, मनोविकारतज्ज्ञ, साधा माणूस, चुकून कधी कुणाला दुखावलं तर लगेच माफी मागणारा. त्यांच्याकडे सिद्धांतला पाठवायचा विषय कुणी काढला नाही. आणि आज तो समोर बसला होता तर त्याच्या मनगटावरचं घड्याळ पार कोपराकडे सरकत होतं.

अपूर्वाने दार वाजवलं तेव्हा लुंबिनी खिडकीशी उभी होती.

"सोमवारी समितीने बोलावलंय आपल्याला," अपूर्वा म्हणाली. "सिद्धांतची मानसिक अवस्था कशी आहे, एवढंच विचारणार. तू जाशील ना? तुझ्या तोंडून आलं तर वजन पडेल."

"माझ्या तोंडून म्हणजे?"

"म्हणजे... तू ओळखतेस त्याला, यार. बिल्कुल प्रेशर नाही हां."

ती गेली. तुझ्या तोंडून. लुंबिनी ते शब्द जिन्याने खाली घेऊन गेली, रस्त्यावर घेऊन गेली, मेट्रोच्या ब्लू लाइनच्या गाडीत दांडी धरून उभी राहिली तेव्हाही ते तिच्याबरोबर होते. म्हणजे उद्या काही बिघडलं तर तोंड माझं. तो ठणठणीत आहे असं सांगितलं आणि सोमवारनंतर त्याने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर सांगितलं होतं लुंबिनीने. तो आजारी आहे असं सांगितलं तर तक्रार गेली कचऱ्यात, बिचाऱ्याला भास होत होते, आणि तेही सांगितलं कुणी? त्यांच्याच बाईने. फार हुशार आहे अपूर्वा. की नाही? की ती खरंच माझ्यावर विश्वास टाकतेय, आणि विश्वास टाकलेला मला ओळखताच येत नाही? गाडी यमुनेच्या दिशेने धावत होती. समोरची बाई आपल्याकडे बघतेय असं तिला वाटलं. मग कळलं की बाई काचेतल्या स्वतःकडे बघत टिकली नीट करत होती. आपणही डबा बदलावा असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

मयूर विहारला ती खाली उतरली तर स्टेशनच्या फाटकाबाहेर ई-रिक्षांच्या गर्दीत रावसाहेब उभे होते. सिद्धांतचे वडील. मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झालेले, बुद्धविहारातल्या कार्यक्रमात खुर्च्या मांडण्यापासून भाषणापर्यंत सगळं करणारे. ते तिला लांबून ओळखत होते, आणि सिद्धांत तिच्याकडे येतो हे त्यांना ठाऊक आहे हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

"जय भीम, ताई. एकच मिनिट घेतो. सोमवारी तुम्हीच येणार म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अपूर्वा मॅडमना मी फोन केला होता दुपारी. म्हणाल्या, काळजी करू नका, तुमच्याच माणसाला पाठवतोय."

तुमच्याच. लुंबिनीच्या कानशिलापर्यंत काहीतरी गरम चढलं. तिला स्वतःला कळायच्या आधी यांना कळलं होतं. "काका, मी त्याच्याबद्दल तुमच्याशी काही बोलू शकत नाही," ती म्हणाली. तो नियमच होता.

"तुम्ही नका बोलू. ऐका फक्त." त्यांनी आवाज खाली आणला. "पोरगा जेवत नाही, मला दिसतं. रविवारी घरी आला तर आईच्या हातच्या भाकरीचा वास घेऊन बघत होता. आम्ही काही आंधळे नाही. पण सोमवार जाऊ द्या, ताई. माझी सगळी नोकरी हे ऐकण्यात गेली, की रावसाहेब, तुम्हाला उगीच वाटतं. एकदा का पोराला वेडा म्हटलं, की त्याचं खरंही खोटं झालं. तो ठणठणीत आहे, एवढंच म्हणा. नंतर आपण त्याला कुठेही दाखवू. अगदी पाया पडतो."

ते खरंच वाकू लागले तशी तिने घाईने त्यांचे हात धरले. तिला त्यांची दया आली, आणि दयेच्या पाठोपाठ, सोमवारपर्यंत तो राहील का, असा सरळ प्रश्न आला. तो तिने विचारला नाही. घरी जाऊन तिने खिचडी लावली, खाल्ली, आणि झोपली. झोप लागली याचंच तिला सकाळी नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती सेंटरवर पोचली ती थेट अपूर्वाच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "त्याच्या वडिलांशी का बोललीस? त्याला न विचारता?"

अपूर्वाचा चेहरा उतरला. "चूक झाली. ते रडत होते फोनवर, लुंबिनी. मला सुचलंच नाही."

"तुमच्याच माणसाला पाठवतोय म्हणालीस?"

"नाही! त्यांनीच विचारलं, आपलंच माणूस येणार ना? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते मी?"

खरं असेल. नसेलही. लुंबिनीला वाटलं, आपण हे असंच तोलत बसलो तर तोलता तोलता तो मुलगा जाईल. ती म्हणाली, "तो आजारी आहे, अपूर्वा."

आणि अपूर्वा थांबली. तसंच, घोटभर. मग ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "हो."

"हो म्हणजे? तुला कधीपासून वाटतंय?"

"ती गाडी आली ना त्याच्या बोलण्यात, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तू काय समजली असतीस? खरं सांग."

लुंबिनी काय समजली असती ते तिला शब्दांसकट ठाऊक होतं. "हेच, की तुम्हा लोकांना आमचा राग म्हणजे आजारच वाटतो."

"तेच ना," अपूर्वा म्हणाली. "मी वाट बघत होते, तू म्हणशील म्हणून. तुला म्हणायचा हक्क आहे, मला नाही, असं मला वाटत होतं."

"आणि मी वाट बघत होते की तू म्हणशील, म्हणजे मला तुझ्याशी भांडता येईल."

आज अपूर्वाचे डोळे भरले नव्हते, कोरडे होते, आणि त्यामुळेच लुंबिनीने तिच्यावर पहिल्यांदा विश्वास ठेवला. पण राग गेला नव्हता. "तुला चांगलं राहायचं होतं म्हणून तू गप्प बसलीस. मला फितूर व्हायचं नव्हतं म्हणून मी. आपण दोघी इतक्या जपून वागलो की तो उपाशी राहिला." लुंबिनीने तिथूनच सिद्धांतला फोन केला आणि आज येशील का म्हणून विचारलं. का, असं त्याने विचारलं. "तुझ्याबद्दल लोक माझ्याशी बोललेत. ते तुला सांगायचंय," ती म्हणाली. "येतो," तो म्हणाला.

तो आला तेव्हा ऊन व्हरांड्यातून भिंतीवर चढलं होतं. खुर्चीत टेकला तोही कडेला, उठून पळता यावं असा. ओठ फुटले होते, आणि डोळ्यांखाली इतकं काळं, जणू कुणी बुक्का लावला होता. लुंबिनीने एकही गोष्ट गाळली नाही. समितीने सोमवारी बोलावलंय आणि मला जायला सांगितलंय. तुझे बाबा काल मला मेट्रोपाशी भेटले, तो ठणठणीत आहे एवढंच म्हणा, असं म्हणाले. मी उत्तर दिलं नाही, पण ऐकून घेतलं. अपूर्वा त्यांच्याशी फोनवर बोलली. आज सकाळी मी आणि अपूर्वा तुझ्याबद्दल बोललो. तो ऐकत होता, मान एकीकडे करून, बोर्डाकडे न बघता.

"म्हणजे खरंच सगळे माझ्याबद्दल बोलत होते," तो म्हणाला.

"हो."

"बाबा पण."

"बाबा पण. मी पण."

"मग मी बरोबर होतो ना, मॅम!" त्याच्या आवाजात आनंद होता.

"यात बरोबर होतास. लॅबमध्ये जे झालं त्यातही बरोबर होतास, एकेका गोष्टीत. पण बोर्डात कुणी नाहीये, सिद्धांत. काल तू गेल्यावर मी टॉर्च लावून बघितलं. आणि मलासुद्धा वाटलं, की आधीच काढून घेतलं असेल."

"तुम्हाला पण?"

"मला पण. फक्त मी घरी जाऊन जेवले आणि झोपले. तू जेवत नाहीस. तू झोपत नाहीस. त्यांनी तुला छळलं आणि त्यात तू आजारी पडलास. आजारी पडलास म्हणून छळ खोटा होत नाही. मला असं वाटतं. हे मी तुला खूप आधी सांगायला हवं होतं."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. सिद्धांतने हाताच्या तळव्यांनी डोळे दाबले आणि तसाच बसला. "डॉक्टरकडे गेलो तर सोमवारी ते विचारतील, औषध घेतो का हा."

"विचारतील. औषधाने कंप्लेंट खोटी होत नाही, हे मी सांगेन. ते ऐकतीलच असं नाही."

"म्हणजे केस हरू शकतो."

"हो. तेही खरं आहे."

"तुम्ही काय सांगणार तिथे?"

"तू म्हणशील ते सांगेन. फक्त खोटं सांगणार नाही. जाऊ नका म्हणालास तर जाणार नाही."

हे म्हणताना तिला आपण किती मोठी गोष्ट हातातून सोडतोय ते कळत होतं. तो नाही म्हणू शकत होता. उठून मुनिरक्याला परत जाऊ शकत होता, त्या खोलीत, आणि सोमवार अजून लांब होता. त्याला धरून ठेवावं, हात धरून व्हरांड्याच्या टोकाला ओढत न्यावं, असं तिला इतक्या जोराने वाटलं की तिने आपले हात मांडीखाली घेतले.

"मला फक्त झोपायचंय, मॅम," तो म्हणाला. आवाज एकदम लहान मुलाचा झाला होता. "किती दिवस झाले, मला झोपायचंय यार."

"डॉक्टर आत्ता आहेत. त्या टोकाला."

तो उठला, परत बसला, परत उठला. "तुम्ही पुढे चला. मागून नका येऊ."

ती पुढे चालू लागली. व्हरांडा लांब नव्हता, पण पाठीवर त्याची नजर होती आणि ती तिला मानेपासून टाचांपर्यंत जाणवत होती. हा आपल्याला तपासतोय. आपण हात कसे हलवतोय, कुणाला खूण करतोय का, आपल्या चालण्यात काही ठरलेलं आहे का. आयुष्यभर ती लोकांच्या पाठी अशा वाचत आली होती. आपली पाठ कुणी वाचली तर कसं वाटतं हे तिला आज कळत होतं. तो येतोय की जिन्याकडे वळलाय, हे वळून बघावंसं तिला फार वाटलं. तिने बघितलं नाही. डॉक्टर जयदीपांच्या दाराशी ती थांबली आणि दाराकडे तोंड करूनच विचारलं, "मी आत येऊ का तुझ्याबरोबर?"

खाली कुणीतरी गाडी सुरू केली, बंद केली. ती तशीच उभी राहिली. मग अगदी तिच्या खांद्याशी त्याचा श्वास ऐकू आला.

"या," तो म्हणाला. "पण तुम्ही काही बोलायचं नाही. माझ्याबद्दल मी बोलणार."

आणि तिच्या बाजूने हात पुढे घालून दार त्यानेच ढकललं.